जुन्या कापडाची मूठ



सुरीची परीक्षा आपण तिच्या धारेवरून करतों. दुकानांत सुरी घेतांना पातें उलटेंसुलटें करून पाहतों, त्याची चकाकी पाहतों, पोलाद कोठलें म्हणून विचारतों. मुठीकडे मात्र क्वचितच कोणाचें लक्ष जातें. वास्तविक पात्याचा संबंध भाजीशीं येतो आणि मुठीचा संबंध आपल्याशीं येतो. धार बोथट झाली तर काम अडतें. पण ओल्या हातांतून मूठ निसटली तर हात कापतो. स्वयंपाकघरांत वर्षानुवर्षें वावरणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हें सांगावयास नको.

प्रत्येक जुन्या घरांत, फडताळाच्या एखाद्या खणांत, अशी एक तरी सुरी पडलेली असते कीं जिचें पोलाद अद्याप उत्तम आहे आणि जिची मूठ निकामी झाली आहे. लांकडी मुठीचें असें होण्याचें कारण साधें आहे. लांकूड पाणी पितें व फुगतें, सुकतें व आकसतें. पोलाद तसें कांहींच करीत नाहीं. पावसाळ्यामागून उन्हाळा व उन्हाळ्यामागून पावसाळा असे कांहीं फेरे झाले, कीं दोहोंमध्यें फट पडते, रिव्हेट सैल होतात, फटींत खरकटें पाणी सांचतें आणि आंतल्या आंत पोलाद गंजूं लागतें. मग कोणी त्यावर सुतळी गुंडाळतो, कोणी चिकटपट्टी लावतो, आणि शेवटीं ती सुरी भंगारांत जाते. चांगलें पातें केवळ मुठीपायीं असें वायां जावें, हें योग्य नव्हे. तें कसें वांचवितां येईल, आणि तेंही घरांतल्याच जुन्या कापडांतून व मोजक्या हत्यारांनीं, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

यासाठीं जो पदार्थ लागतो त्याची ओळख प्रथम करून घेऊं. कापडाचे किंवा कागदाचे पुष्कळ थर राळेंत भिजवावे, ते एकावर एक रचावे आणि दाबाखालीं घट्ट होऊं द्यावे, म्हणजे एक फळी तयार होते. ती लांकडासारखी कापतां येते, कानशीनें घासतां येते. परंतु लांकडासारखी फुगत नाहीं व तडकत नाहीं. पाश्चात्य देशांतील सुऱ्या करणारे कारागीर तिला 'मायकार्टा' म्हणतात. ह्या नांवाचा उगम मात्र सुऱ्यांच्या धंद्यांत नसून विजेच्या धंद्यांत आहे. मूळचे बेल्जमचे परंतु अमेरिकेंत स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनीं १९०७ सालीं फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगानें एक कृत्रिम राळ सिद्ध केली, तीच बेकेलाइट. पुढें १९१० च्या सुमारास वेस्टिंगहाउस कंपनीनें अशा राळेंत कागद व कापड भिजवून वीज अडविणारे तक्ते बनविले. त्याच कंपनींतील ओकॉनर व फेबर ह्या दोघांनीं बाहेर पडून १९१३ सालीं सिनसिनाटी शहरांत 'फॉर्मायका' हा धंदा काढला. तोंपर्यंत वीज अडविण्याच्या कामीं अभ्रक वापरीत. हा माल 'अभ्रकाच्या ऐवजीं' म्हणून तें नांव.

आपल्याकडील 'सनमायका' ह्याच कुळांतली. विजेचीं कामें करणारा कारागीर ज्या तपकिरी पत्र्याला 'हायलम' म्हणतो, तोही ह्यांचाच भाऊबंद. म्हणजे जो पदार्थ आपल्याला परकी नवलाई वाटेल, तो आपल्या जेवणाच्या टेबलावर आणि भिंतींवरच्या खटक्यांमागें पूर्वींच येऊन बसलेला आहे. आणि कल्पनेपुरतें पाहिलें, तर ती आपल्याला मुळींच नवी नाहीं. आपली आजी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून गोधडी शिवीत असे, तेव्हां एकेकटें विरलेलें कापड मिळून टिकाऊ होतें हेंच ती जाणत होती. तलवारीचें पातें मुठींत पक्कें बसविण्यासाठीं आपल्याकडचे कारागीर लाखेचें मिश्रण तापवून ओतीत असत, त्यांतही राळेच्या पकडीचाच उपयोग होता. गोधडीचे थर आणि लाखेची पकड एकत्र आली, कीं आपला हा पदार्थ झाला.

ह्या दोहोंची जोडी कां जमते तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. नुसती राळ घट्ट झाली तर ती कांचेसारखी ठिसूळ असते. खालीं पडली कीं कडा उडतात. नुसतें कापड लुळें असतें. परंतु राळेंत बसलेले कापसाचे तंतु ताण सोसतात आणि राळ त्या तंतूंना जागच्या जागीं धरून ठेवते. एकाचा उणेपणा दुसरा भरून काढतो.

बेकेलाइटची राळ घट्ट करण्यास शंभर अंशांहून बरीच अधिक उष्णता आणि यंत्राचा प्रचंड दाब लागतो. तें काम कारखान्याचें. गेल्या शतकाच्या मध्यास एपॉक्सी नांवाची दुसरी राळ बाजारांत आली, आणि घरच्या माणसाला ही वाट मोकळी झाली. दोन द्रव ठरलेल्या प्रमाणांत मिसळले, कीं ही राळ घरांतल्या साध्या उष्णतेंतच आपोआप घट्ट होते. फुटक्या वस्तु जोडण्यासाठीं आपण जें अराल्डाइट वापरतों तें एपॉक्सीच होय.

फळी करण्याची रीत थोडक्यांत अशी. मुलांच्या विटलेल्या जीनच्या विजारी, जुनी खादी किंवा तंबूचें जाड सुती कापड घ्यावें. तें धुऊन त्यांतील खळ काढावी आणि कडकडीत वाळवावें. सोळा सेंटिमीटर लांब व बारा सेंटिमीटर रुंद असे तुकडे कापावे. जीनचे बारा ते पंधरा थर दाबल्यावर सुमारें आठ मिलिमीटर जाडी येते. पांच मिनिटांत घट्ट होणारी राळ ह्या कामास निरुपयोगी. सावकाश घट्ट होणारी घ्यावी. दोन्ही द्रवांचें प्रमाण डब्यावर लिहिलेलें असतें, तें अंदाजानें न घेतां वजनकांट्यावर मोजून घ्यावें. प्रमाण चुकलें तर फळी कायमची चिकट राहते. मिसळलेली राळ खोल भांड्यांत फार वेळ ठेवूं नये; तिच्यांत आपोआप उष्णता उत्पन्न होते, आणि सांठा मोठा असेल तर भांडें हातांत धरवत नाहीं. प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनीं पूर्ण भिजवून रचावा. खालीं व वर प्लॅस्टिकचा कागद घालून ती चळत दोन सपाट फळ्यांमध्यें ठेवावी आणि क्लँपनीं आवळावी. हवेचे बुडबुडे बाहेर पडतील इतकें आवळावें. सगळी राळ पिळून निघेल इतकें नव्हे. हातांत रबरी मोजे आणि खिडक्या उघड्या, ह्या दोन गोष्टी विसरूं नयेत. दुसऱ्या दिवशीं फळी कठीण लागेल. परंतु ती पूर्ण पक्व होण्यास आठवडाभर लागतो. तो आठवडा तिला द्यावा. त्याचें कारण पुढें धुळीविषयीं बोलतांना येईल.

एक सूचना येथेंच करतों, कारण पुढें ती फार उपयोगी पडणार आहे. थर रचतांना अर्ध्या जाडीच्या थोडें वर एक थर निराळ्या रंगाचा घालावा. निळ्या जीनमध्यें एखादा पांढरा किंवा तांबडा तुकडा. तो केवळ शोभेसाठीं नव्हे. तो आपला मापाडी होणार आहे.

आतां हत्यारें. लोखंड कापण्याची बारीक दातांची करवत, एक चपटी व एक अर्धगोल कानस, एक लहान गोल कानस, हातानें फिरविण्याचें ड्रिल, तीन-चार क्लँप, निरनिराळ्या भरडपणाचे पॉलिश पेपर, आणि जाड कांचेचा एक सपाट तुकडा किंवा उरलेली गुळगुळीत फरशी. शेगडा, म्हणजे व्हाइस, असला तर उत्तम. नसला तर टेबलाच्या कडेला क्लँपनें फळी आवळूनही भागतें. विजेवर चालणारीं यंत्रें नाहींत म्हणून कोणी खंत करूं नये. घरगुती एपॉक्सी साधारण पन्नास-साठ अंशांपासूनच मऊ पडूं लागते. वेगानें फिरणाऱ्या चाकावर धरलेली फळी घर्षणानें तेवढी सहज तापते. मग राळ कागदाच्या दातांत भरून बसते आणि पृष्ठभागावर डाग पडतात. हाताची कानस तितकी उष्णता उत्पन्नच करीत नाहीं. शिवाय यंत्र एका निमिषांत जितकें खाऊन टाकतें तितकें कानस दहा फटक्यांत काढते, आणि त्या दहा फटक्यांत थांबून पाहावयास आपल्याला सवड मिळते. मूठ घडविण्यांत काढणें सोपें असतें. काढलेलें परत लावतां येत नाहीं.

कामाला आरंभ पात्यापासून करावा. पात्यावर जाड पुठ्ठ्याची म्यान चढवून ती चिकटपट्टीनें पक्की गुंडाळावी. हें प्रथम, आणि मग बाकी सर्व. त्यानंतर जुन्या रिव्हेटांचीं डोकीं कानशीनें घासून काढावीं आणि मूठ उचकटावी. पात्याचा जो भाग मुठीच्या आंत असतो त्याला आपण शेपूट म्हणूं. कांहीं सुऱ्यांत शेपूट मुठीएवढेंच रुंद असतें व दोन बाजूंस दोन पट्ट्या बसविलेल्या असतात. मी सांगतों ती रीत ह्या सुऱ्यांसाठीं आहे. शेपटावरचा गंज भरड कागदानें काढून पोलाद उघडें करावें. गंजानें तें खोल पोखरलेलें दिसलें, तर त्या सुरीचा मोह सोडावा. कमकुवत शेपटावर नवी मूठ चढविणें म्हणजे धोक्याला चांगला पोशाख घालणें होय.

फळीचे दोन भाग करण्यापूर्वीं तिच्या एका पृष्ठभागावर पेन्सिलीनें खूण करावी. ती खूण दोन्ही पट्ट्यांवर बाहेरच्या बाजूस यावयास हवी, म्हणजे दोहोंतील थरांचा क्रम आणि तो निराळ्या रंगाचा थर पोलादापासून सारख्याच अंतरावर राहील. शेपूट पट्टीवर ठेवून त्याची रेघ आंखावी आणि रेघेच्या बाहेर दोन मिलिमीटर सोडून करवतीनें कापावें. ह्या पदार्थाला लांकडासारखी शीर नसते. करवत उभी चालवा कीं आडवी, ती सारखीच चालते. नवशिक्याला ही मोठीच सवलत आहे.

आंतला, पोलादाला टेकणारा पृष्ठभाग अगदीं सपाट झाला पाहिजे. त्यासाठीं कांचेवर ऐंशी नंबरचा कागद पसरून पट्टी त्यावर घासावी. कागद हातांत घेऊन पट्टी घासूं नये, कारण तशानें कडा झिजतात व मध्यें फुगवटा राहतो. पट्टी शेपटाला लावून खिडकीकडे धरावी. मधून उजेड दिसेनासा झाला, कीं सपाटी साधली. जी फट आज उजेडाला वाट देते, ती उद्यां पाण्याला देईल.

मग भोंकें. पट्टीखालीं लांकडाचा एक गुटका ठेवून, शेपटाच्या भोंकांतूनच ड्रिल घालून पट्टीला भोंक पाडावें. गुटका नसला तर ड्रिल पलीकडे निघतांना शेवटचे थर फाडून निघतें. पहिलें भोंक पाडलें कीं त्यांत पितळी सळईचा तुकडा घालावा आणि मग दुसरें पाडावें, म्हणजे पट्टी सरकणार नाहीं. दुसऱ्या पट्टीचेंही तसेंच.

आतां एक काम असें येतें, कीं तें विसरलें तर मागून करतां येत नाहीं. पट्ट्यांचीं पात्याकडील टोंकें जोडण्यापूर्वींच पूर्ण घडवावीं. त्यांचा उतार, त्यांची गोलाई व त्यांची शेवटची घोटाई, सर्व. दोन्ही पट्ट्या सळयांवर एकत्र ओवून, पातें मध्यें न घालतां, तीं टोंकें जोडीनेंच घासावीं, म्हणजे तीं एकसारखीं होतात. एकदां पट्ट्या पोलादाला चिकटल्या कीं तेथें कानस लावणें म्हणजे पात्यावर ओरखडे काढणें होय.

जोडणी साधी आहे. शेपूट व पट्ट्यांचे आंतले पृष्ठभाग भरड करून स्पिरिटनें पुसावे, आणि जवळपास गॅस पेटलेला नसावा. एपॉक्सी लावून सळया घालाव्या व क्लँप आवळावे, पण बेताचे. फार आवळल्यास मधली राळ निघून जाते आणि सांधा उपाशी राहतो. पात्याकडे ओघळलेली राळ ती ओली असतांनाच स्पिरिटच्या फडक्यानें पुसून घ्यावी. सळयांचीं टोंकें हातोडीनें ठोकून पसरविण्याची गरज नाहीं. त्यानें पट्टीला तडा जाण्याची भीति असते. राळेची पकड आणि सळयांचा आधार मिळून पुरेसे होतात.

एक दिवस गेल्यावर खरें घडविणें सुरू होतें. प्रथम बाजूची बाह्यरेषा. सोडलेले दोन मिलिमीटर कानशीनें काढीत पोलादापर्यंत यावें. बोट फिरवून पोलाद व पट्टी यांची सीमा जाणवेनाशी झाली पाहिजे. कानस नेहमीं अशी चालवावी, कीं तिच्या रेट्यानें थर एकमेकांवर दाबले जातील. बाहेरच्या बाजूस उचलणारा फटका मारला तर कडेचे तंतु सुटतात व कांठ केसाळ होतो. कानशीच्या दातांवर खडू घासून ठेवला तर चुरा भरून बसत नाहीं, आणि बसलाच तर तारेच्या ब्रशानें झाडून काढावा.

नंतर गोलाई. एकदम गोल करण्याच्या भरीस पडूं नये. मुठीचा छेद प्रथम चौकोनी आहे. चारही कोन सारख्या रुंदीनें तिरपे छाटले, कीं तो अष्टकोनी होतो. ते आठ कोन छाटले, कीं सोळा बाजू होतात. मग भरड कागदाच्या पट्टीनें, बूट पुसतांना फडकें ओढतात तसें ओढलें, कीं उरलेलें काम गोलाई स्वतःच पुरें करते. प्रत्येक छाटीची रुंदी पेन्सिलीनें आधीं आंखून घेतां येते. डोळ्याला गोलाई मोजतां येत नाहीं, पण सपाट पट्टीची रुंदी मोजतां येते. हेंच ह्या रीतीचें मर्म आहे.

आणि येथेंच आपले थर बोलूं लागतात. पट्टी सपाट होती तोंवर वरून एकच थर दिसत होता. तिला फुगवटा देऊं लागलों, कीं एकामागून एक थर उघडे पडतात आणि त्यांच्या कडा लंबगोल रेषांच्या रूपानें दिसूं लागतात. शाळेंतल्या भूगोलाच्या नकाशांत डोंगर दाखविणाऱ्या समोच्च रेषा आपल्याला आठवत असतील. ह्या रेषा अगदीं त्याच न्यायानें उमटतात. रेषा जवळजवळ आल्या तेथें चढ उभा आहे; दूर पसरल्या तेथें उतार सौम्य आहे. डाव्या बाजूचा लंबगोल पुढें सरकलेला आणि उजव्या बाजूचा मागें राहिलेला दिसला, तर मूठ वांकडी होत आहे, हें हातांना कळण्याच्या पुष्कळ आधीं डोळ्यांना कळतें. तो निराळ्या रंगाचा थर आपण घातला तो ह्यासाठींच. दोन्ही बाजूंस त्याची रेघ सारख्या जागीं, सारख्या आकाराची उमटली, कीं दोन्ही बाजू तोलांत आल्या असें समजावें. हें नकाशीचें काम पाहून लोक त्याच्या सौंदर्याची तारीफ करतात. करणाऱ्याला मात्र ती आधीं मोजपट्टी असते व मग नक्षी.

मुठीचा आकार कसा असावा? ह्याचें उत्तर पुस्तकांत नाहीं. ती कोणाच्या हातांत जाणार आहे, ह्यांत आहे. कारखान्यांतील मूठ सरासरी हातासाठीं केलेली असते, आणि सरासरी हात कोणालाच नसतो. कांहीं गोष्टी मात्र सर्वांना लागू आहेत. छेद पूर्ण गोल नसावा, लंबगोल असावा, म्हणजे न पाहतांही धार कोणत्या बाजूस आहे हें तळहाताला समजतें. मध्यें किंचित् फुगीर आणि शेवटीं थोडी खालीं झुकलेली मूठ हातांतून मागें निसटत नाहीं. पुढच्या टोंकापाशीं तर्जनी विसावेल अशी एक उथळ खोलगट जागा असावी. बोटागणिक खांचा मात्र पाडूं नयेत, कारण त्या ज्याच्या हातासाठीं पाडल्या त्याच्याखेरीज इतरांना त्या बोंचतात.

ज्यांच्या बोटांचे सांधे संधिवातानें धरले आहेत, अशा वडील माणसांचा विचार येथें आवर्जून करावा. बारीक मूठ धरावयास बोटें फार मिटावीं लागतात व पकड घट्ट ठेवावी लागते; थोडी जाड मूठ त्यांना कमी त्रासाची होते. बाजारांत त्यांच्या मापाची मूठ शोधीत हिंडावें लागतें; घरीं मात्र पट्ट्यांत तीन-चार थर अधिक घातले कीं झालें. आईला किंवा सासूबाईंना जवळ बसवावें, पुठ्ठ्याची म्यान न काढतां सुरी त्यांच्या हातीं द्यावी, आणि डोळे मिटून भाजी चिरल्यासारखा हात दोन मिनिटें चालवावयास सांगावें. कोठें टोंचतें तेथें पेन्सिलीची खूण करावी, तेवढेंच घासावें, आणि पुनः द्यावी. चारपांच वेळां असें झालें म्हणजे ती मूठ त्यांची होते. कानशीच्या सावकाशपणाचा हा सर्वांत मोठा लाभ आहे.

आतां धुळीविषयीं, आणि हें मी जरा निक्षून सांगतों. अर्धवट पक्व झालेल्या एपॉक्सीची धूळ अंगावर वारंवार बसली, तर कित्येकांना त्वचेचा विकार जडतो. खाज सुटते, पुरळ उठतें. आणि एकदां शरीर ह्या राळेला प्रतिकूल झालें, कीं पुढें अल्प स्पर्शानेंही तो त्रास उलटतो, बहुधा जन्मभर. आठवडाभर थांबावें म्हणून मी म्हटलें तें ह्यासाठीं. बारीक धूळ फुप्फुसांनाही घातक असते. नाकाला रुमाल बांधणें पुरेसें नाहीं. एन-९५ जातीचा मास्क व डोळ्यांना चष्मा हवा. काम गच्चीवर किंवा उघड्या ओसरीवर करावें, स्वयंपाकाच्या ओट्यावर कदापि नव्हे. लहान मुलांना दूर ठेवावें. धूळ फुंकूं नये व झाडूंही नये. ओल्या फडक्यानें टिपावी. अंगावरचे कपडे निराळे धुवावे. उरलेले तुकडे चुलींत किंवा शेकोटींत टाकूं नयेत. काम संपत येतें तसतशी धूळ अधिक बारीक होते, म्हणून दोनशेवीस नंबरच्या कागदापुढें पाण्यांत चालणारा 'वॉटर पेपर' घ्यावा आणि पाणी लावून घासावें, म्हणजे धूळ उडतच नाहीं. पुष्कळ ठिकाणीं कांचतंतूंच्या कापडाची शिफारस केलेली आढळेल. त्याचे सूक्ष्म तुकडे त्वचेंत रुततात व श्वासावाटें आंत जातात. घरच्या कामाला तें मुळींच घेऊं नये. आपलें सुती कापड पुरेसें बळकट आहे.

घोटाईचा क्रम ऐंशी, एकशेंवीस, दोनशेंवीस आणि चारशें. प्रत्येक वेळीं आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याखेरीज पुढचा घेऊं नये. चारशेंवर थांबावें. आरशासारखी चकाकी आणण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण स्वयंपाकघरांतील हात ओला किंवा तेलकट असतो, आणि कापडाचा किंचित् खरखरीतपणा शिल्लक असलेली मूठ अशा हातांत अधिक ठाम बसते. शेवटीं औषधांच्या दुकानांत मिळणारें लिक्विड पॅराफिन फडक्यावर घेऊन हलका हात फिरवावा. निळा रंग गडद होतो व थर स्पष्ट उठून दिसतात.

ह्या मुठीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती उकळत्या पाण्यांत टाकूं नये, भांडीं धुण्याच्या यंत्रांत घालूं नये, गॅसच्या ज्योतीशेजारीं ठेवूं नये; एपॉक्सी उष्णतेला भिते हें वर आलेंच आहे. घरगुती राळ अन्नाच्या संपर्कासाठीं बनविलेली नसते, म्हणून ह्या फळीचे चमचे किंवा पाट करूं नयेत. तिचा उपयोग मुठीपुरताच ठेवावा. एवढें पथ्य पाळलें तर पावसाळ्याची ओल तिला लांकडासारखी पिडीत नाहीं, आणि पोलाद व पट्टी यांच्यामधली वाट पाण्याला बंद राहते.

कोणी विचारील, कीं थोडक्या पैशांत नवी सुरी मिळत असतां इतका खटाटोप कशासाठीं? हिशेब केवळ पैशांचा असेल तर हा प्रश्न रास्त आहे. पण ज्या सुरीवर घरांतल्या एखाद्या माणसाचा हात पंचवीस वर्षें बसलेला आहे, तिच्या पात्याची जात त्या हाताला ठाऊक असते. ती कोठें वांकते, किती खोल जाते, हें सर्व त्या हातानें शिकून ठेवलेलें असतें. नवी सुरी आणली तर तें शिक्षण पुनः पहिल्यापासून, आणि हात आतां थकलेला. पातें तेंच ठेवून मूठ त्या थकलेल्या हाताच्या मापाची करून दिली, तर जुनें ज्ञान वायां जात नाहीं आणि बोटेंही सुरक्षित राहतात. फाटलेली विजार, गंजूं लागलेली सुरी व दोन-तीन रविवारचे मोकळे तास, इतक्या भांडवलावर हें होण्यासारखें आहे.

तेव्हां आज फडताळाचा खण उघडून ती सुरी बाहेर काढून पाहावी. मूठ हलते कां, फट पडली आहे कां, हें तपासावें. हलत असेल तर निदान दुरुस्त होईपर्यंत ती कोणाच्या हातीं देऊं नये. आणि घरांत ती सर्वांत अधिक कोण वापरतें, हें आठवून प्रथम त्या हाताचें माप घ्यावें. बाकीचें काम मग कानशीचें आहे.